पस्तीस की पंच्याऐंशी

विंझरच्या सखूबाई भोरला स्टुडिओत आल्या, त्या दिवशी तमन्ना अत्तारच्या टेबलावर दोन लेन्स शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या आणि त्यातली कोणती ठेवून घ्यायची यावरून बापलेकीत सकाळपासून वाद चालला होता.

स्टुडिओ जलीलभाईंचा. तीस वर्षं त्यांनी भोर आणि वेल्ह्याकडची लग्नं काढली. मग गुडघे बोलायला लागले, तसे ते काउंटरवर बसून पासपोर्ट साइझचे फोटो कापू लागले आणि लग्नं तमन्नाकडे आली. अठ्ठावीस वर्षांची पोर, हात चांगला, नजर त्याहून चांगली. पण तिच्याकडची झूम लेन्स उघड्यावर झकास चालायची आणि अंधाऱ्या खोलीत गेली की मार खायची. फ्लॅश न मारता फोटो काढला तर त्यावर कुणी रवा सांडल्यासारखं दिसायचं. म्हणून तिनं एक फास्ट प्राइम लेन्स घ्यायचं ठरवलं होतं. प्राइम म्हणजे जिला झूम नसतो. मोठं हवं तर आपणच पुढं चालत जायचं. आणि फास्ट म्हणजे जिचं तोंड मोठं, थोडक्या उजेडातही निभावून नेणारी. पुण्यातल्या एका ओळखीच्या दुकानदारानं दोन जुन्या, वापरलेल्या लेन्स काढून दिल्या. म्हणाला, "पंधरा दिवस वापरून बघा. एक ठेवा, एक पंधराव्या दिवशी, सोमवारी, परत आणा."

दुकानदार त्यांना थर्टीफाइव्ह आणि एटीफाइव्ह म्हणायचा. जलीलभाईंनी घरच्या भाषेत त्यांचं पस्तीस आणि पंच्याऐंशी केलं. पस्तीस लावून चार हातांवर उभं राहिलं की खोलीतली सगळी माणसं मावायची. पंच्याऐंशीत तेवढ्यावरून एकच चेहरा मावायचा, पण तो असा यायचा की मागचा पत्रा, वायरी, खुर्च्या सगळं विरघळून जायचं.

"गिऱ्हाईक पैसे कशाला देतं? चेहऱ्याला," जलीलभाई म्हणाले. "पंच्याऐंशी ठेव आणि मोकळी हो."

तमन्नाचंही मन पंच्याऐंशीवरच होतं. मात्र तिचं कारण निराळं होतं आणि ते तिनं अब्बांना सांगितलेलं नव्हतं. लग्नात बाईमाणूस कॅमेरा घेऊन पुढं गेली की लोक नवरीचं सोडून तिच्याकडं बघत. 'ओ ताई, जरा वाकून काढा', 'ताई, तुमी कुणाच्या', 'ताई, बाजूला व्हा की.' पंच्याऐंशी घेऊन खांबाआड उभं राहिलं की ती कुणाच्या अध्यात नसे ना मध्यात. तरीपण खोली लहान असली तर काय, हा प्रश्न राहायचाच. म्हणून वाद मिटत नव्हता.

तेवढ्यात सखूबाई आत आल्या. पदरानं कपाळ पुसलं, बाकावर बसल्या, पाणी प्यायल्या.

"आमच्या अश्विनीचं लगीन हाय, येत्या आईतवारी. मार्गासनीचं स्थळ हाय. तिच्या कालेजातल्या मैत्रिणीचं लगीन तू काडलं व्हतंस म्हनं, तवापास्नं तुजंच नाव घेती."

"येते की मावशी. कुठं आहे लग्न?"

"गावातच. देवळाच्या सभामंडपात." सखूबाईंनी काचेवरचा फोटोचा चुरा बोटानं गोळा केला. "फकस्त येक हाय. फ्लॅश मारायचा न्हाई. येकबी न्हाई."

जलीलभाईंनी कात्री खाली ठेवली. "बाई, सभामंडपात लग्न आणि फ्लॅश नाही? काळ्यावर काळं येईल सगळं."

"तिचं डोळं दुकत्यात," सखूबाई म्हणाल्या. पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाल्या आणि लगेच उठल्या. गाडीची वेळ झाली म्हणून.

गुरुवारी तमन्ना दोन्ही लेन्स घेऊन स्कूटीवर निघाली. जागा आधी बघितलेली बरी. कापूरहोळ, चेलाडी, मार्गासनी करत ती विंझरला पोचली तेव्हा अकरा वाजले होते. सभामंडप तिला वाटला होता त्याहून वाईट निघाला. वर पत्रा, तीन बाजूंनी भिंती, आणि चौथ्या बाजूला ऊन येऊ नये म्हणून डेकोरेशनवाल्यानं जाड पडदे आताच लावून टाकलेले. दिवसाउजेडी आत संध्याकाळ.

घर देवळापासून हाकेवर. स्लॅबचं, तीन खोल्यांचं. हळद मधल्या खोलीत होणार होती, तिला एकच खिडकी आणि खिडकीला लागून तांदळाच्या पोत्यांची थप्पी. अश्विनी पंचविशीची, बी.कॉम. झालेली, गावच्या पतसंस्थेत कामाला होती. लग्नाला तीन दिवस राहिलेल्या पोरीसारखी ती दिसत नव्हती. शांतपणे मसाल्याच्या डब्यात लवंगा भरत बसली होती.

"तू तसंच काम कर, मी नुसतं बघते," तमन्ना म्हणाली.

आधी पंच्याऐंशी लावली. मागं सरकत सरकत ती दारात गेली, दारातून ओट्यावर गेली, तेव्हा कुठं अश्विनी खांद्यापर्यंत फ्रेममध्ये बसली. फोटो मात्र बघत राहावा असा आला. मग पस्तीस लावून आत आली. आता एवढी जवळ की अश्विनीच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू येत होत्या. खिडकी, पोती, डबा, हात, सगळं आलं.

अश्विनीनं दोन्ही फोटो कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितले. "ह्यात मी छान दिसते," ती पहिल्याकडं बोट करून म्हणाली. मग विचारलं, "पण हा काढायला तू बाहेर गेली होतीस ना?"

"हो. लांबूनच काढावा लागतो."

"आणि दुसरा?"

"दुसऱ्याला असं जवळच राहावं लागतं."

अश्विनीनं डब्याचं झाकण लावलं. सखूबाई मागच्या पडवीत कुणाशी तरी बोलत होत्या. तिकडं एकदा बघून ती हळू आवाजात म्हणाली, "माझे डोळे नाही दुखत. मला फिट येते."

तमन्नानं कॅमेरा मांडीवर ठेवला.

"तीन वर्षं झाली, आली नाही. गोळ्या चालू आहेत, एक दिवस चुकवलेली नाही. शेवटची कॉलेजच्या गॅदरिंगला आली होती, डीजेचे दिवे उघडझाप करत होते तेव्हा. डॉक्टर म्हणाले, असे झटक्याचे उजेड टाळ, जागरण टाळ, उपाशी राहू नको. लग्नात ह्यातलं काय टळणार आहे, सांग तू."

"मार्गासनीच्या लोकांना माहीत आहे?"

"आईनं देवाची शपथ घातली, सांगायचं नाही म्हणून. पण मी अमृतला सांगितलंय. बघायला आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी फोन करून. तो म्हणाला, मला चालतंय. त्याच्या आईला त्यानं सांगितलेलं नाही. आईला न्हाई पटायचं, म्हणाला, लग्न झालं की सांगू." तिनं पदराशी चाळा केला. "हे आमच्या आईलाही माहीत नाही. तिला वाटतं, आमच्या घराबाहेर कुणालाच ठाऊक नाही."

बाहेर सखूबाईंचा आवाज जवळ आला तशी ती घाईनं म्हणाली, "यायच्या आधी मला थोडं कळतं. डोळ्यांपुढं चमकल्यासारखं होतं, हाताला मुंग्या येतात. तू जवळ असलीस तर बरं होईल. मी अंगठा मुठीत घेईन. तेवढं बघ."

परतताना तमन्नानं लेन्सचा विचार केलाच नाही. तो होऊन गेला होता. तरी रविवारी निघताना पंच्याऐंशी तिनं घरी ठेवली नाही. सोमवारी परत द्यायची होती, पिशवीत होती, राहू दिली.

हळद निभावली. आदल्या रात्री जागरण नको म्हणून अश्विनीनं डोकं दुखतंय सांगून लवकर पाठ टेकली होती. सकाळी चहाबरोबर गोळी घेतली. सखूबाईंनी उपास धरायला लावला होता, पण तमन्नानं पिशवीतली दोन केळी पोत्यांच्या आड तिच्या हातात दिली आणि ती खाईपर्यंत दारात पाठ करून उभी राहिली. मधल्या खोलीत बायकांची ही गर्दी. पंच्याऐंशी असती तर ओट्यावरून नुसत्या पाठी दिसल्या असत्या. पस्तीसनं हळदीचे हात, अश्विनीच्या गालावरून ओघळलेली हळद, हसणारी मामी, सगळं टिपलं आणि कुठं रवा सांडला नाही.

साडेबाराचा मुहूर्त. सभामंडपात आल्यावर तमन्नाला पहिली धडकी भरली ती नवऱ्याकडच्या फोटोवाल्याला बघून. हनुमंत त्याचं नाव, हमरस्त्याला त्याचं दुकान होतं. कॅमेऱ्यावर भलामोठा फ्लॅश आणि खांद्याला दुसऱ्या फ्लॅशची पिशवी.

तमन्ना सरळ त्याच्याकडं गेली. "दादा, एक विनंती आहे. फ्लॅश नको. नवरीच्या डोळ्यांना त्रास होतो."

"ताई, हितं हात हाताला दिसंना," हनुमंत म्हणाला. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. "माझ्या लेन्सला फ्लॅशबिगर काय बी येत न्हाई. उद्या पार्टी माझा गळा धरंल. तुमी तुमचं काढा, म्या माझं काढतो."

"निदान नवरीवर तरी..."

"नवरीवर न्हाई तर कुनावर मारू?"

अंतरपाट धरला गेला. अक्षता वाटल्या. भटजींनी सूर लावला आणि तमन्ना नवरीच्या डाव्या हाताला, मामाच्या शेजारी, जाऊन उभी राहिली. एवढ्या पुढं ती कुठल्याच लग्नात गेली नव्हती. मागून लगेच आवाज आला, "ओ फोटोवाल्या बाई, आमाला बी दिसू द्या की!" तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

पहिल्या मंगलाष्टकाला हनुमंतनं फ्लॅश मारला. पांढराफक उजेड पडद्यांवर आपटून माघारी आला. अश्विनीनं डोळे मिटले. दुसरा. तिसरा. हनुमंत एका ओळीनं तीन-चार मारत होता, कारण गर्दीत कुणाचे ना कुणाचे डोळे मिटतात. तमन्ना कॅमेऱ्यातून बघतच नव्हती. तिची नजर अश्विनीच्या हातावर होती, आणि त्या हिरव्या चुड्याच्या हाताचा अंगठा सावकाश मुठीत गेला.

तमन्ना पुढं झाली आणि अश्विनी आणि हनुमंत यांच्या मधोमध, त्याच्याकडं तोंड करून, उभी राहिली. पुढचा फ्लॅश तिच्याच डोळ्यांत गेला. तिला क्षणभर काही दिसेना.

"अवो ताई!" हनुमंत ओरडला.

"बाजूला व्हा!" चार-पाच जण एकदम म्हणाले. एका पावण्यानं तिचा दंड धरला.

"फ्लॅश बंद करा." हा आवाज अंतरपाटाच्या पलीकडून आला. भटजी थांबले. अंतरपाट धरणाऱ्यांनी तो थोडा खाली घेतला आणि सगळ्यांना अमृतचा चेहरा दिसला. "हनुमंतदादा, बंद करा म्हणतो ना. तिला सोसत न्हाई."

"डोळं दुकत्यात तिचं," सखूबाई घाईघाईनं म्हणाल्या.

अमृतची आई अंबूबाई पहिल्या रांगेत होत्या. कोरी पैठणी, हातात अक्षता. त्या लेकाकडं बघत म्हणाल्या, "तुला काय ठावं, तिला सोसत न्हाई त्ये?"

अमृत गप्प राहिला असता तर बात डोळ्यांवर निभावली असती. पण तो अश्विनीकडं बघत होता आणि ती मामाच्या हाताला धरून उभी होती.

"तिला फिट येते, आये. गोळ्या चालू हायेत. मला पयल्यापास्नं म्हाईत हाय. तिनंच सांगितलं."

सभामंडपातली पाचशे माणसं नवरीकडं बघू लागली. सखूबाई आहे तिथंच खाली बसल्या. अश्विनीचे वडील कोंडिबा व्याह्यांकडं हात जोडून बघत राहिले.

"बसवा तिला," तमन्ना मामाला म्हणाली. कुणीतरी खुर्ची दिली. तमन्नानं कॅमेरा गळ्यात सोडून अश्विनीचा हात हातात घेतला, मूठ उलगडली, बोटं चोळली. पाचेक मिनिटं गेली. ती पाच मिनिटं फार मोठी वाटली. मग अश्विनी म्हणाली, "गेलं. काही नाही होत आता."

अंबूबाईंनी हातातल्या अक्षता शेजारणीच्या हातात दिल्या. "मला सांगितलं असतं तर म्या न्हाई म्हनले असते," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "म्हनूनच न्हाई सांगितलं. लेकानं बी न्हाई." आणि उठून थेट मागं, पडद्याजवळच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. त्यांच्यामागं दोन जावा गेल्या, समजूत घालून हात हलवत परत आल्या. नवऱ्याच्या बापानं भटजींना खूण केली. "मुहूर्त टळंल. चालू करा."

तेव्हा हनुमंत तमन्नाकडं आला. फ्लॅश त्यानं कॅमेऱ्यावरून काढून खिशात टाकला होता. "ताई, मला सांगितलं असतं सरळ..."

"माझं नव्हतं ते सांगायचं."

"त्ये बी खरं. पन आता म्या काय करू? माझ्या लेन्सनं सगळा काळोख यील."

तमन्नानं त्याच्या कॅमेऱ्याकडं बघितलं. कंपनी तिच्या कॅमेऱ्याचीच होती, लेन्स बसली असती. तिनं पिशवीतून पंच्याऐंशी काढली आणि त्याच्या हातात दिली. "ही लावा. तोंड पार उघडून ठेवा, फ्लॅश लागणार नाही. फक्त लांब जावं लागेल. मागं खांबाशी उभे राहा."

हनुमंतनं लेन्स उलटसुलट करून बघितली, लावली, आणि मुकाट्यानं खांबाकडं गेला. ज्या खांबाआड एरवी ती उभी राहिली असती, त्याच्याच आड.

लग्न लागलं. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, हार घातले गेले. तमन्ना सगळा वेळ नवरा-नवरीपासून दोन हातांवर होती. घरच्यांचा एकत्र फोटो घ्यायची वेळ आली तेव्हा नवऱ्याकडचे सगळे येऊन उभे राहिले, अंबूबाई आल्या नाहीत. अमृत स्वतः बोलवायला गेला. त्या हलल्या नाहीत. तमन्नानं आहे त्यांचा फोटो घेतला.

जेवणं उरकल्यावर मांडवाबाहेर हनुमंतनं तिला आपले फोटो दाखवले. बहुतेक हलले होते. त्याला त्या लेन्सची सवय नव्हती. पण एक फोटो निघाला आणि तमन्नाचा हात थांबला. मागच्या खुर्चीवर अंबूबाई एकट्या. सगळे समोर अक्षता टाकताहेत, त्यांच्या हातात काही नाही. बघत मात्र त्या लेकाकडंच होत्या, आणि चेहऱ्यावर राग होता तेवढीच त्याच्यावरची मायाही. त्यांना कुणी बघतंय हे ठाऊक असतं तर तो चेहरा त्यांनी कुणाला दाखवला नसता.

"हा मला जमला नसता," तमन्ना म्हणाली.

"तुमचीच लेन्स हाय की."

"लेन्स माझी नाही. उद्या परत जायची." तिनं लेन्स काढून घेतली आणि त्या फोटोची एक प्रत त्याच्याकडून मागून घेतली.

त्या रात्री जलीलभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि तो फोटो चष्मा वर करून पुन्हा पुन्हा बघितला. "मग? आता तर पंच्याऐंशीच, नाही का?"

"नाही अब्बा. पस्तीस ठेवते."

"अगं, दिवसभरातला सगळ्यात भारी फोटो पंच्याऐंशीनं काढलाय."

"काढलाय. पण मी काढणारी असते तर मला अश्विनीचा हात दिसला नसता. मी त्या खांबाआड असते." ती थोडी थांबली. "मला लांब उभं राहायला आवडतं, म्हणून मी पंच्याऐंशी मागत होते. पुढं उभं राहायची सवय लागायला हवी मला."

जलीलभाईंना हे पूर्ण पटलं नाही. तमन्ना पंच्याऐंशी परत द्यायला निघाली तेव्हा ते एसटी स्टँडपर्यंत सोबत आले आणि गाडी हलेपर्यंत त्या लेन्सचे गुण सांगत राहिले. तमन्नानं मनातल्या मनात त्यातले निम्मे कबूल केले.

भाद्रपद सरला तेव्हा एके दुपारी अंबूबाई स्टुडिओत आल्या. बरोबर अश्विनी. दोघी भोरला डॉक्टरांकडं आल्या होत्या. मधल्या महिन्यांत काय झालं ते अश्विनीनं फोनवर थोडंथोडं सांगितलेलं होतं: पहिला महिनाभर सासू तिच्याशी कामापुरतंच बोलली. मग एकदा दवाखान्याची तारीख अमृतला सुट्टी नसल्यानं चुकणार होती, तेव्हा "म्या येते" म्हणून अंबूबाईच निघाल्या, आणि त्यानंतर दर तारखेला त्याच येऊ लागल्या. डॉक्टरांना इतकं विचारत की बाहेरच्या रांगेतले लोक कुरकुरत.

अंबूबाई बाकावर टेकल्या नाहीत. "आल्बम बगितला म्या," त्या तमन्नाला म्हणाल्या. "समदं गाव हाय त्यात. म्याच कुटं न्हाई."

"तुम्ही आला नव्हता, मावशी."

"न्हवते आले. ठावं हाय मला." त्यांनी भिंतीवरचे फोटो बघितले. "मंग आता काड की येक. हिच्यासंगं."

हनुमंतनं काढलेला तो फोटो तमन्नाच्या कॉम्प्युटरमध्ये होता. तिच्या मनात आलं, दाखवावा. मग वाटलं, नको. तिनं खिडकीचा पडदा बाजूला केला, दोन स्टुलं शेजारी ठेवली आणि पस्तीस लावून त्यांच्यासमोर आली.

"येवड्या जवळ?" अंबूबाई म्हणाल्या. "नाक मोटं यील माजं."

"नाही येणार. थोड्या हिच्याकडं सरका."

अंबूबाई सरकल्या. अश्विनीनं त्यांच्या खांद्यावरचा पदर नीट केला आणि त्यांनी तो पुन्हा आपल्या हातानं, हवा तसा, करून घेतला. तमन्नानं चार फोटो काढले. तिसऱ्यात दोघी एकमेकींकडं बघत होत्या आणि अंबूबाई काहीतरी बोलत होत्या, तोंड अर्धं उघडं.

"त्यो न्हाई घ्यायचा," पडद्यावर बघून अंबूबाई म्हणाल्या. "तोंड उगडं हाय. चौता घे, नीट हाय त्यो."

चौथ्यात त्या सरळ समोर बघत ताठ बसल्या होत्या. तमन्नानं जलीलभाईंकडं बघितलं. ते म्हणाले, "गिऱ्हाईक म्हणेल तो."

चौथाच छापला. पाकिटात घालून दिला, तोवर चेलाडीची गाडी लागायची वेळ झाली होती आणि दोघी पिशव्या सावरत स्टँडकडं निघाल्या, अंबूबाई पुढं, अश्विनी मागं.